पडद्यावरचा समुद्र आणि त्यातील माणूस : १९१४ ते २०२५

समुद्राच्या पोटातील जीवसृष्टी चित्रपटगृहातील प्रेक्षकांसमोर आणण्याच्या प्रयत्नांना शंभर वर्षे उलटून गेली आहेत. या प्रयत्नांचा इतिहास बहुधा कॅमेरे, दिवे आणि श्वसनयंत्रे यांच्या प्रगतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु तंत्र बदलत असताना चौकटीतील माणसाचे स्थानही बदलत होते, आणि समुद्राविषयीची त्या त्या काळाची समजूत यंत्रसामग्रीपेक्षा या बदलातून अधिक स्पष्टपणे कळते.

प्रारंभी माणूस हाच समुद्रपटाचा नायक होता. जॉन अर्नेस्ट विल्यमसन याने १९१४ मध्ये बहामा बेटांजवळ चित्रण केले, तेव्हा बोटीतून पाण्यात सोडलेल्या लवचीक नळीच्या टोकाशी काचेची खिडकी असलेली एक खोली बसवलेली होती आणि कॅमेरा त्या कोरड्या खोलीतून बाहेरचे पाणी टिपत असे. मासे व प्रवाळ त्याने दाखवले खरे, पण चित्रपटाचे मुख्य आकर्षण होते ते कॅमेऱ्यासमोर त्याने स्वतः सुरी घेऊन केलेली शार्कची शिकार. फ्रान्समध्ये झाँ पेनलव्हे याने १९३० च्या दशकात समुद्रघोड्यावर केलेला लघुपट या परंपरेला अपवाद ठरतो. बव्हंशी काचेच्या टाकीत चित्रित झालेल्या या लघुपटात नर समुद्रघोडा आपल्या पोटावरील पिशवीतून पिलांना जन्म देताना दिसतो आणि माणसाला त्यात फारसे कामच नाही.

झाक-ईव्ह कूस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांनी १९४३ मध्ये सिद्ध केलेल्या ॲक्वालंग या उपकरणामुळे कॅमेरा त्या खोलीतून आणि टाकीतून बाहेर पडला. पाठीवरील नळकांड्यातील दाबाखालची हवा, भोवतालच्या पाण्याच्या दाबाशी जुळवून, श्वासागणिक पुरवणारी झडप हे या उपकरणाचे मर्म होते आणि त्यामुळे पाणबुड्या दोरी किंवा नळीच्या बंधनातून सुटला. या मोकळीकीचे फळ म्हणजे कूस्तो आणि लुई माल यांचा ‘द सायलेंट वर्ल्ड’ हा १९५६ चा चित्रपट होय. त्याला कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळाले तेव्हा माल अवघा तेवीस वर्षांचा होता, आणि त्यानंतर हे पारितोषिक पुन्हा एखाद्या माहितीपटाला मिळण्यास २००४ साल उजाडावे लागले.

पाणी प्रकाशातील तांबडा रंग सर्वांत आधी शोषून घेते, त्यामुळे काही मीटर खोलीवरच लाल प्रवाळ करडा दिसू लागतो आणि त्याहून खाली सारे काही निळसर होते. पेटत्या मशाली हाती धरून, बुडबुड्यांचा पडदा मागे सोडत पाणबुडे खाली उतरतात, त्या आरंभीच्या दृश्याचे आणि कृत्रिम प्रकाशात अचानक उजळणाऱ्या प्रवाळांचे तत्कालीन प्रेक्षकाला वाटलेले अप्रूप यावरून समजू शकते. मात्र याच चित्रपटातील इतर काही दृश्ये आज पाहवत नाहीत. माशांची गणना करण्याचा हाच एक मार्ग असल्याचे सांगत प्रवाळभित्तीत सुरुंग उडवला जातो आणि मेलेले मासे गोळा केले जातात. कासवाच्या पाठीला धरून एक पाणबुड्या सवारी करतो. स्पर्म व्हेलचे एक पिल्लू कूस्तोच्या ‘कॅलिप्सो’ या जहाजाच्या पंख्यात सापडून जखमी होते, त्याला मारून त्याच्या यातना संपवल्या जातात, आणि रक्ताच्या वासाने जमलेल्या शार्कना खलाशी डेकवर ओढून कुऱ्हाडींनी ठेचतात. अपघात स्वतःच्या जहाजाचा, सूड मात्र शार्कवर, ही विसंगती ना निवेदनात जाणवते ना संकलनात. हे केवळ क्रौर्य म्हणून निकालात काढणे सोपे आहे, परंतु ते लपवावे असे निर्मात्यांना वाटले नाही आणि परीक्षकांनाही ते खटकले नाही, ही गोष्ट इतिहासाच्या दृष्टीने अधिक बोलकी आहे. पुढे १९६० मध्ये भूमध्य समुद्रात किरणोत्सारी कचरा टाकण्यास ज्याने जाहीर विरोध केला आणि १९७३ मध्ये समुद्ररक्षणासाठी संस्था उभारली, तो कूस्तो हाच होता.

१९९० च्या दशकातील आयमॅक्स पद्धतीने, म्हणजे ७० मिलिमीटर रुंदीच्या फितीवरून अवाढव्य पडद्यावर दाखवण्याच्या तंत्राने, समुद्राला भव्यता दिली. विषयाच्या मांडणीत तिने फारशी भर घातली असे म्हणता येत नाही. माणूस चौकटीतून बव्हंशी हद्दपार झाला तो बीबीसीच्या २००१ च्या ‘द ब्लू प्लॅनेट’ या मालिकेच्या सामग्रीतून घडलेल्या ‘डीप ब्लू’ (२००३) या चित्रपटात. झाक पेरँ आणि झाक क्लुझो यांच्या ‘ओशन्स’ने ही पद्धत कळसाला नेली. २०१० च्या जानेवारीत फ्रान्समध्ये प्रदर्शित झालेल्या या चित्रपटात कॅमेरा डॉल्फिनच्या बरोबरीने धावतो, आणि तारलीच्या थव्यावर वरून गॅनेट पक्षी सूर मारत असताना खालून डॉल्फिन व शार्क तुटून पडतात, ते दृश्य मोठ्या पडद्याशिवाय कल्पनेतही येणार नाही. पर कापून जिवंतपणीच पाण्यात टाकून दिलेला शार्क तळाकडे घरंगळत जातो, हे याच चित्रपटातील दृश्य यांत्रिक प्रतिकृती वापरून घेतलेले होते. म्हणजे १९५६ मध्ये खरे शार्क मारून दृश्य मिळवले गेले, तर २०१० मध्ये शार्क वाचावेत म्हणून खोटा शार्क मारावा लागला. डिस्नेच्या अमेरिकी आवृत्तीची लांबी सुमारे वीस मिनिटांनी घटली आणि तिच्यातील टोकदार भाग बोथट झाला. सौंदर्य विकले जाते, आरोप विकला जात नाही, हा हिशेब त्यामागे असावा.

हा हिशेब ‘ओशन विथ डेव्हिड ॲटनबरो’ या चित्रपटाने मोडला. निवेदक ॲटनबरो यांच्या नव्व्याण्णवाव्या वाढदिवशी, ८ मे २०२५ रोजी, तो चित्रपटगृहांत आला आणि त्यात माणूस पडद्यावर परतला तो पाणबुड्या म्हणून नव्हे, तर जाळे म्हणून. तळ खरवडणारे ट्रॉलिंग, म्हणजे जड साखळी लावलेले जाळे समुद्रतळावरून फरफटत नेण्याची मासेमारी, यात जाळ्याजवळून दिसते : साखळी पुढे सरकते, गाळाचे लोट उठतात, आणि पळू पाहणारे मासे दमून जाळ्याच्या पोटात शिरतात. डॉल्फिनच्या धावेला लागतो तसा भव्य पडदा या दृश्याला लागत नाही. ते लहान पडद्यावरही तितकेच अस्वस्थ करते. उत्तरार्धात संरक्षित क्षेत्रांमध्ये सावरलेल्या समुद्राची उदाहरणे देऊन चित्रपट प्रेक्षकाला जरा लवकरच धीर देतो, हे त्याचे उणेपण म्हणावे लागेल; पूर्ण संरक्षण लाभलेला समुद्र जगात तीन टक्क्यांहूनही कमी असताना २०३० पर्यंत तीस टक्क्यांचे आंतरराष्ट्रीय उद्दिष्ट गाठायचे आहे, हा आकडा त्या आशावादापुढे फिका पडतो.

कोकणच्या किनाऱ्यावरील प्रेक्षकाला यातील वाद नवा नाही. किनाऱ्यावरून ओढल्या जाणाऱ्या रापणीवर आणि लहान होड्यांवर जगणारे पारंपरिक मच्छीमार आणि यांत्रिक ट्रॉलर यांच्यातील तंटा तेथे कित्येक दशकांचा असून, १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियमालाही त्याचीच पार्श्वभूमी आहे. या तंट्यात आजवर साक्ष झाली ती रिकाम्या जाळ्यांची आणि घटलेल्या मासळीची. पाण्याखाली नेमके काय होते, याचे चित्र ना मच्छीमारांच्या हाती होते ना अधिकाऱ्यांच्या.