शस्त्रक्रियेतील रुग्णांचे पोषण

शस्त्रक्रिया करावयाच्या रुग्णाची पोषणस्थिती तपासून तीतील न्यून शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर भरून काढण्याचा उपचार. शस्त्राघातानंतर जखम भरून येण्यास लागणारी ॲमिनो अम्ले शरीर स्नायूंतील प्रथिने मोडून मिळविते. रुग्ण आधीच कृश असल्यास हा साठा अपुरा पडतो व जखम उसवणे, जंतुसंक्रामण, आतड्याची शिवण सुटणे इ. उपद्रव संभवतात. अमेरिकन शस्त्रवैद्य एच. ओ. स्टडली यांना १९३६ मध्ये असे आढळले की, पचनज व्रणाच्या ज्या रुग्णांचे वजन २०% हून अधिक घटले होते त्यांच्यात मृत्युप्रमाण सु. ३३%, तर इतरांत सु. ३.५% होते.

सहा महिन्यांत वजन १०% हून अधिक घटणे हे आजही महत्त्वाचे लक्षण मानतात. खेड्यातील रुग्णाचे पूर्वीचे वजन बहुधा नोंदलेले नसते. अशा वेळी बांगड्या कोपराकडे सरकणे, कपडे सैल होणे यांविषयी घरच्यांना विचारणे उपयुक्त ठरते. सूज किंवा जलोदर असल्यास वजनावरून फसगत होते. रक्तद्रवातील अल्ब्युमीन शोथामुळेही घटते, म्हणून केवळ त्यावरून कुपोषण ठरवीत नाहीत.

रुग्णास रोज दर किग्रॅ. वजनास २५ ते ३० कॅलरी व सु. १.५ ग्रॅ. प्रथिन लागते, म्हणजे ५० किग्रॅ. वजनाच्या रुग्णास ७५ ग्रॅ. प्रथिन. बुलढाणा जिल्ह्यासारख्या ज्वारी-तुरीच्या प्रदेशात ३०० ग्रॅ. ज्वारीच्या भाकरीतून सु. ३० ग्रॅ. व ६० ग्रॅ. तुरीच्या डाळीतून सु. १३ ग्रॅ. प्रथिन मिळते. ज्वारीतील लायसिनाची उणीव डाळ भरून काढते, हे या जेवणाचे बलस्थान होय. तथापि आजारी माणूस एवढे खाऊ शकतोच असे नाही. अर्धा लिटर दूध, दोन अंडी व मूठभर शेंगदाणे यांची जोड दिल्यास गरज जवळजवळ भागते. हलका आहार म्हणून दिल्या जाणाऱ्या साबुदाण्याच्या पेजेत मात्र प्रथिन नगण्य असते.

तोंडाने पुरेसे घेता येत नसल्यास नळीने जठरात वा लहान आतड्यात अन्न देतात. आतडे निकामी असेल तरच शिरेचा मार्ग योग्य. स्टॅन्ली डड्रिक व सहकाऱ्यांनी १९६० नंतरच्या दशकात तो व्यवहारात आणला. तीव्र कुपोषणात नियोजित शस्त्रक्रिया ७ ते १४ दिवस पुढे ढकलणे हितावह असते. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या रुग्णास एकदम भरपूर अन्न दिल्यास रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम घटून हृदयक्रिया बिघडू शकते. म्हणून थायामीन देऊन आहार क्रमाक्रमाने वाढवितात.