सुई, कटोरा आणि किबला : मुलांना चुंबक असा शिकवा

सोलापुरात शिलाईकामावर चालणारी घरं भरपूर. चादर-टॉवेलसोबत शाळेचे गणवेशही इथून बाहेरगावी जातात. अशा घरातल्या मुलांना चुंबक नवा नसतो. सांडलेल्या टाचण्या गोळा करायला अम्मीच्या मशीनच्या खणात जुन्या स्पीकरचा चुंबक असतोच. पण तेच मूल वर्गात "सजातीय ध्रुवांमध्ये प्रतिकर्षण" हे वाक्य पाठ करतं, पेपरात लिहितं आणि विसरून जातं. खणातला चुंबक आणि पुस्तकातला चुंबक एकच आहे, हे त्याला कुणी दाखवतच नाही. दाखवायला एक तास पुरतो.

आधी अंदाज, मग प्रयोग
टेबलावर एक रुपयाचं नाणं, स्टीलचे दोन-तीन चमचे, तांब्याची तार, ॲल्युमिनियमचं झाकण आणि सुई ठेवा. काय चिकटेल ते मुलांना आधी वहीत लिहू द्या, मगच चुंबक हातात द्या. नाणं चिकटतं. तांबं आणि ॲल्युमिनियम चिकटत नाही. स्टीलचा एखादा चमचा चिकटतो, एखादा नाही. इथेच मुलं विचारतात, "सर, असं का?" स्टीलचे प्रकार वेगवेगळे असतात, हे उत्तर मग लक्षात राहतं.

सुईचा चुंबक
सुईवरून चुंबकाचं एकच टोक, एकाच दिशेने, तीस-चाळीस वेळा फिरवा. परत येताना चुंबक उचलून घ्या. लोखंडाच्या आत चुंबकासारखे असंख्य छोटे भाग असतात. एरवी त्यांची तोंडं कुठेही वळलेली असतात. घासल्यावर ती एका दिशेला येतात, जसा गुंतलेला धागा मागावर सरळ ताणा होतो. हीच सुई तापवली किंवा वारंवार आपटली तर ताणा पुन्हा विस्कटतो.

आता प्लास्टिकच्या कटोऱ्यात पाणी घ्या. थर्माकोलच्या तुकड्यावर सुई ठेवून तो तरंगू द्या. सुई फिरते आणि उत्तर-दक्षिण थांबते. सूर्य कुठून उगवतो हे मुलांना ठाऊक असतं, त्यावरून उत्तरेचं टोक तेच ओळखतील. 13व्या शतकाच्या अखेरीस येमेनचा सुलतान अल-अशरफ उमर याने अशाच पाण्याच्या वाटीतल्या सुईचं वर्णन लिहून ठेवलं, तेही किबला शोधण्यासाठी!

सोलापूरहून किबला सरळ पश्चिमेला नाही, पश्चिमेकडून उत्तरेला साधारण 12 अंश वळलेला आहे. कोनमापक घेऊन मुलांना तो खडूने फरशीवर आखू द्या. अर्थात, ही सुई ढोबळ दिशा दाखवते. तिच्यावरून मोहल्ल्यातल्या मशिदीची रुख तपासायला निघू नये.

सुई कधी फसवते?
आता कटोरा लोखंडी कपाटाजवळ न्या. सुई वळते. नव्या घरात कपाटाला टेकवून किंवा मोबाइलच्या शेजारी होकायंत्र ठेवून जानमाज अंथरली, तर तीच चूक होते. शास्त्रज्ञही याला जपतात. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या चुंबकीय नोंदींसाठी अलिबागला 1904 मध्ये नवी वेधशाळा बांधली गेली, आणि तिच्या बांधकामात लोखंड टाळलं गेलं.

शेवटी मुलांना एक कोडं घाला : वस्तू चुंबक आहे की नुसतं लोखंड, हे कसं ओळखाल? चिकटली म्हणून चुंबक नव्हे, लोखंडही चिकटतं. एका बाजूने दूर ढकलली गेली तरच ती चुंबक. पाठ केलेलं "प्रतिकर्षण" आता मुलांच्या बोटांना जाणवतं.

हे मात्र जपा
खेळण्यांतले छोटे, ताकदवान चुंबक लहान मुलांच्या हाती देऊ नका. दोन चुंबक पोटात गेले तर आतडं मध्ये चिमटून त्याला छिद्र पडू शकतं. गिळल्याची शंका आली तरी वाट न पाहता लगेच दवाखाना गाठा.

सहावीच्या विज्ञानात चुंबकाचा धडा आहे. यंदा तो आला की मुलाला विचारा, "सुई तरंगवून बघितलीस का?" नाही म्हणाला, तर कटोरा घरात आहेच.