ट्रंकेतलं पत्र

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. २०२२ ची गोष्ट. आमच्या कळंब्यातल्या घरी बायका जमल्या होत्या. वाण देऊन झालं, गप्पा रंगल्या. गल्लीतली एक वहिनी मात्र गप्प गप्प होती. सगळ्या गेल्यावर ती मागे थांबली आणि हळूच म्हणाली, "ताई, ह्यांच्या बीपीच्या गोळ्या, तपासण्या... पेन्शन पुरंना झालीय. पोरीची फी भरायची हाय."

तिचे मिस्टर फौजेत हवालदार होते. बावीस वर्षं नोकरी करून २०१९ मध्ये घरी आले. निवृत्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डाने त्यांना उच्च रक्तदाबामुळे तीस टक्के अपंगत्व लिहून दिलं होतं. मग अपंगत्व पेन्शन का नाही? वहिनी दुसऱ्या दिवशी एक पत्र घेऊन आली. तीन वर्षं ते ट्रंकेत, लग्नातल्या शालूखाली घडी घालून ठेवलेलं होतं. इंग्रजीतल्या चार ओळी. अर्थ एवढाच, की हा आजार सैनिकी सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही, म्हणून पेन्शन नामंजूर. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, सहा महिन्यांत अपील करता येईल.

"हे वाचलं नव्हतं का?" मी विचारलं. "ह्यांनी वाचलं. म्हणाले, सरकारनं नाही म्हटलं, संपला विषय. मी काय भीक मागू?"

मैत्रिणींनो, गोळी लागली, पाय गेला, तर ते अपंगत्व सगळ्यांना दिसतं. बीपी, मधुमेह, पाठीचं दुखणं, मनाचा आजार डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच अशा आजारांत सगळा वाद एका प्रश्नावर येतो, आजार नोकरीमुळे आला की नाही? कोल्हापूर जिल्ह्यात घरटी फौजी असलेली गावं आहेत. सैनिक टाकळीचं तर नावच बोलकं आहे. अशी पत्रं किती ट्रंकांमध्ये पडून असतील!

मी काही वकील नाही. पण वहिनीबरोबर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेले, माहितगारांना विचारलं, वाचलं. तेव्हा कळलं, की सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग यांच्या खटल्यात याबद्दल स्पष्ट निकाल दिलेला आहे. त्यांना फिट्स येत म्हणून फौजेतून घरी पाठवलं होतं. न्यायालयाने म्हटलं, भरतीच्या वेळी जवान धडधाकट होता आणि कागदावर कुठल्याही आजाराची नोंद नव्हती, तर पुढे झालेला आजार सेवेमुळे झाला असंच धरायचं. तसं नाही म्हणायचं असेल तर बोर्डाने कारणं द्यायची. सिद्ध करण्याचं ओझं जवानावर नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. अपंगत्व शंभर टक्के असेल तर शेवटच्या पगाराच्या तीस टक्के रक्कम मिळते, कमी असेल तर त्या प्रमाणात. पण वीस टक्क्यांपासून पन्नासच्या आतलं अपंगत्व पन्नास धरतात. २०१४ च्या राम अवतार निकालाने पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्यांनाही हा लाभ मिळाला. म्हणजे वहिनीच्या मिस्टरांचे तीस टक्के पन्नास होतात, आणि पगाराच्या पंधरा टक्के रक्कम बसते. चाळीस हजार पगार असेल तर महिन्याला सहा हजार. पोरीची फी त्यात भागते.

आता अपील लिहायचं. बोर्डाचे कागद घरात नव्हते, ते माहितीच्या अधिकारात अर्ज करून मागवले. उशीर माफ करण्याची विनंती जोडली. मग प्रश्न आला, कुठे कुठे नोकरी केली, आजार कधी सुरू झाला? भाऊजी पहिल्यांदा नुसतेच बसले. मग बोलायला लागले. बर्फातली चौकी, रात्र रात्र जागं राहणं, शेजारच्या बंकरमधला मित्र गेला ती पहाट. मी लिहून घेत होते. वहिनी दाराशी उभी होती, हातातली परात तशीच. नंतर मला म्हणाली, "ताई, लग्नाला अठरा वर्षं झाली. हे मला आजच कळलं."

पहिलं अपील फेटाळलं. दुसरंही फेटाळलं. पण त्यानंतरही दार असतं. सैनिकांसाठी २००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण स्थापन झालं आहे आणि त्याचं एक पीठ मुंबईला आहे. २०२४ मध्ये तिथे अर्ज केला. तारखा चालू आहेत. निकाल काय लागेल, ते मी आज सांगू शकत नाही. पण भाऊजी आता "भीक" हा शब्द वापरत नाहीत. मुंबईच्या तारखेला इस्त्रीचा शर्ट घालून, फाईल काखेत मारून निघतात.

तुमच्या घरी असं पत्र असेल तर आजच बाहेर काढा. त्यावरची तारीख बघा. सहा महिने उलटले असले तरी घाबरू नका, पण थांबूही नका. उशिरा दाद मागितली तर मागची थकबाकी साधारण तीनच वर्षांची मिळते, म्हणजे गेलेला प्रत्येक महिना हातचा जातो. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश, बोर्डाचे कागद आणि नामंजुरीचं पत्र एका फाईलीत लावा, झेरॉक्स काढून ठेवा. २१ सप्टेंबर २०२३ नंतर निवृत्त झालेल्यांना नवे, जास्त काटेकोर नियम लागू आहेत, ते आधी विचारून घ्या. वकिलाची फी परवडत नसेल तर २०२५ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने सैनिकांच्या कुटुंबांसाठी 'वीर परिवार सहायता योजना' सुरू केली आहे, सैनिक कल्याण कार्यालयात तिची चौकशी करा.

आणि हो, फाईल उघडली की नवऱ्याला शेजारी बसवा. तो काय काय सोसून आलाय, हे त्या निमित्ताने तरी विचारा.