घरीं केलेली विजेची वायर

आपल्या घरांतून कोणतीही वस्तु सहसा फेंकून दिली जात नाहीं. जुन्या लुगड्याची गोधडी होते, आणि टेलिफोनची किंवा घंटेची उरलेली वायर गुंडाळून माळ्यावर ठेवली जाते. ही काटकसर आम्हांस मुळींच दूषणीय वाटत नाहीं. तिच्याच बळावर मोठमोठीं कुटुंबें उभीं राहिलीं. परंतु तीच वायर एका टोंकास पिन व दुसऱ्या टोंकास सॉकेट लावून जेव्हां इस्त्रीला किंवा पाणी तापविण्याच्या रॉडला जोडली जाते, तेव्हां काटकसरीची मर्यादा कोठें संपते, याचा विचार करणें अवश्य होतें.

पाणी तापलें म्हणजे वायर योग्य, अशी आपली समजूत असते. पण प्रवाह वाहूं लागला कीं तार तापतेच. आणि प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. हा नियम इंग्रज शास्त्रज्ञ जेम्स जूल यांनीं १८४१ सालीं मांडला. २००० वॅटचा रॉड २३० व्होल्टवर सुमारें ८.७ अँपिअर प्रवाह ओढतो. त्याला दीड चौरस मिलिमीटर तांब्याची ५ मीटर वायर असेल, तर तींत सुमारें १० वॅट उष्णता उत्पन्न होते. तेवढ्याच लांबीची, अर्धा मिलिमीटर व्यासाची टेलिफोनची तार वापरली, तर ती ६५ वॅटांच्या आसपास जाते. अशी वायर सतरंजीखालीं किंवा वेटोळें करून ठेवली म्हणजे ही उष्णता बाहेर पडत नाहीं. साधें प्लॅस्टिकचें वेष्टण सुमारें ७० अंशांपर्यंतच टिकण्यासाठीं केलेलें असतें. पुढें तें मऊ पडतें, तारा एकमेकींस भिडतात आणि ठिणगी पडते.

“आमच्या घरीं एम. सी. बी. आहे,” असें यावर कोणी म्हणेल. पण १६ अँपिअरचा एम. सी. बी. ८.७ अँपिअरवर कां पडावा? तो भिंतींतील जाड तारांचा रक्षक आहे. बाहेर जोडलेल्या बारीक वायरीची त्याला गंधवार्ताही नसते. गळती ओळखणारा ३० मिलिअँपिअरचा आर. सी. सी. बी. माणसाचा जीव वांचवूं शकतो. पण तापलेली तार त्यालाही कळत नाहीं.

दुसरा दोष अर्थिंगचा. टेलिफोनच्या वायरींत बहुधा दोनच तारा असतात; म्हणून तीन पिनांपैकीं मोठी पिन रिकामीच राहते. आंतील तार सुटून इस्त्रीच्या पत्र्यास लागली, तर विजेला जमिनींत जाण्यास वाट उरत नाहीं आणि ती वाट ओल्या हातांची, अनवाणी गृहिणी होते. ६० वॅटच्या दिव्यांतून जेवढा प्रवाह जातो, त्याच्या पांचव्या हिश्शानेंही प्राण जाऊं शकतो.

जनरेटरची वीज घरांत घेण्यासाठीं दोन्ही टोंकांस पिना लावलेली वायर कांहीं उत्साही मंडळी तयार करतात. ती तर कधींही करूं नये. तिचें एक टोंक जोडलें कीं दुसऱ्याच्या उघड्या पिनांत वीज खेळूं लागते. शिवाय तीच वीज उलट बाहेर गेल्यास खांबावर काम करणाऱ्या माणसाचा घात होतो.

तेव्हां करावें काय? उष्णता देणाऱ्या उपकरणांस आय. एस. आय. चिन्हाची, तीन तारांची, निदान दीड चौरस मिलिमीटरची वायर आणि १६ अँपिअरची पिनच लावावी. तारांस पीळ देऊन वर चिकटपट्टी गुंडाळलेला सांधा चालवून घेऊं नये. सैल सांधा इतर तारेपेक्षां अधिक तापतो. अर्ध्या तासानें बटण बंद करून पिन काढावी व वायरीस हात लावून पाहावा. ती चटका देत असेल, तर बदलावी.

घरांतील मुलांस अशा खटपटींची हौस असते. ती मोडूं नये. मात्र वरील हिशेब त्यांच्याकडूनच कागदावर करून घ्यावा. आंकडे स्वतः मांडलेला मुलगा माळ्यावरची वायर पुन्हां इस्त्रीला जोडणार नाहीं, असा आम्हांस भरंवसा वाटतो.