ताठ बसा!

अकोल्यास चाळीस वर्षें आम्हीं विद्यार्थ्यांस "ताठ बसा!" म्हणून बजाविलें आणि स्वतः मात्र पोक काढून वह्या तपासल्या. १९१४ सालीं अमरावतीस स्थापन झालेलें श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ हा आम्हां वऱ्हाडकरांचा अभिमान. सकाळचे बारा नमस्कार आम्हींही चुकविले नाहींत. तरी कंबर धरलीच! घटकाभराचा व्यायाम दिवसभराच्या वांकड्या बैठकीची पुरती भरपाई करीत नाहीं. आमची आज्ञाही अर्धीच खरी. ताठ बैठकसुद्धां तासन्‌तास धरल्यास स्नायू शिणून आंखडतात. यास्तव अर्ध्या तासानें उठावें, चार पावलें चालावें. दुखणें पायांत उतरल्यास मात्र डॉक्टरांस दाखवावें. मोबाईलवर वांकलेल्या नातवास आम्ही आतां बजावीत नाहीं. "चल, अंगणांत फिरूं" म्हणून आधीं स्वतःच उठतों.