बाबांच्या पेटीसाठी एक चिप

गेल्या गणपतीत नई सडकेवरच्या आमच्या घरी आरतीला पेटी वाजली नाही. अर्धांगवायूनंतर बाबांचा उजवा हात पहिल्यासारखा चालतो, पण डाव्या हाताने भाता मारणं जमत नाही. शेवटी मोबाइलवर आरत्या लावल्या. बाबा उजव्या हाताने मांडीवर ताल धरून बसले होते. भैया गणपतरावांच्या ग्वाल्हेरात पेटीवाल्याच्या घरी ही वेळ यावी!

भाता हाताऐवजी पायाने मारता आला तर? बाबांची अट एकच होती, पेटीला भोक पाडायचं नाही.

बाजारातला कीबोर्ड का घेतला नाही, असं बरेच जण विचारतात. त्यावर बोट किती जोरात पडलं यावर आवाज ठरतो. पेटीत बोट फक्त सूर उघडतं, तो लहान-मोठा करतो भाता. बाबांनी कीबोर्ड दहा मिनिटं वाजवून बाजूला सारला होता.

मग असं ठरलं: 39 पट्ट्यांच्या मागच्या टोकांना दुहेरी टेपने बारीक चुंबकं चिकटवायची आणि वरच्या फळीखाली त्यांना ओळखणाऱ्या हॉल सेन्सरची पट्टी बसवायची. उजव्या पायाखाली लाकडी पाट, त्याखाली वजनकाट्यातला लोड सेल. हे सगळं यूएसबीवरून मिडीच्या भाषेत लॅपटॉपला जाणार आणि आवाज तिथून येणार. यूएसबी-मिडीचं प्रमाण 1999 पासून ठरलेलं आहे, त्यामुळे लॅपटॉपवर वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

आता मधली चिप कोणती? इथे मी तीन आठवडे घालवले.

अडचण पंगतीतली आहे. वाढपी एकच असेल आणि यजमानांनी मध्येच हाक मारली, तर कुणाच्या तरी पानात वरण पडायचं राहतं. साध्या मायक्रोकंट्रोलरचा प्रोसेसर तसा एकटा वाढपी. यूएसबीवर लॅपटॉप दर मिलिसेकंदाला हाक मारतो, ती टाळता येत नाही. लोड सेलचा क्षीण सिग्नल मोजणारी एचएक्स711 ही चिप तर भलतीच मानी. तिची क्लॉकची तार 60 मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त वेळ वर राहिली, तर ती झोपायचा हुकूम समजून बंद होते. माझ्या पहिल्या प्रयोगात नेमकं हेच झालं आणि सूर मधेच गचके खाऊ लागला. तेवढ्यापुरते इंटरप्ट बंद ठेवूनही भागलं असतं, पण मला जुगाड नको होता. यूएसबी आणि प्रोग्रॅमेबल लॉजिक एकाच चिपमध्ये हवं होतं, म्हणजे पाणी वाढणारा मुलगा वेगळा.

मन पीसॉक 5एलपीवर बसलं होतं. तिच्यात खरी लॉजिक गेट्स असतात, सर्किट पडद्यावर चक्क चित्रासारखं काढायचं, आणि आत 20 बिटांचा एडीसीही आहे. पण तिचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं, माझ्याकडे लिनक्स. एफपीजीए घ्यावी तर यूएसबीची सोय बहुधा वेगळी करावी लागते. शेवटी 2021 साली आलेला रास्पबेरी पाय पिको घेतला. त्याची किंमत तेव्हा 4 डॉलर होती आणि माझ्या हातून दोन बोर्ड जळणार हे मी धरूनच चालतो.

पिकोवरच्या आरपी2040 चिपमध्ये गेट्स नाहीत. तिथे पीआयओ नावाची आठ छोटी यंत्रं आहेत. त्यांना जेमतेम नऊ प्रकारचे हुकूम कळतात, आणि चार यंत्रांत मिळून 32 हुकुमांचीच जागा. शुद्ध लॉजिकवाले याला नाकं मुरडतील. मला एवढंच हवं होतं. एक यंत्र पाच शिफ्ट रजिस्टरांतून पट्ट्या वाचतं, दुसरं एचएक्स711 ला वेळेवर टिचक्या मारतं, आणि प्रोसेसर निवांतपणे यूएसबी सांभाळतो. गचके थांबले.

तरीही पाय आणि आवाज यांत फरक जाणवत होता. ही चूक माझी. एचएक्स711 चं मॉड्यूल सेकंदाला दहाच वाचनं देत होतं. तिची रेटची पिन वर जोडली, तेव्हा 80 झाली.

बाबा वाजवायला बसले. दोन ओळी वाजवून म्हणाले, "अरे, पाय उचलला की सूर लगेच मरतो. पेटीत हवा शिल्लक असते ना!"

हे कुठल्याही डेटाशीटमध्ये नव्हतं. मग प्रोग्रॅममध्ये हवेची टाकी केली: पायाने भरते, दाबलेल्या प्रत्येक पट्टीने रिकामी होते, तीन पट्ट्या धरल्या तर तिप्पट वेगाने. त्या रात्री बाबांनी मला जेवायलाही उठू दिलं नाही. थोडी हळू रिकामी कर, अजून थोडी, असं चाललं होतं. आई दोनदा हाक मारून गेली.

पाच रजिस्टरांना मिळून 40 तारा जोडता येतात, पट्ट्या 39. चाळीसाव्या तारेचं काय करायचं, हे बाबांनी ठरवून टाकलंय. आत्या काळी दोनमध्ये गाते आणि काका पांढरी चारमध्ये, त्यामुळे तिथे पट्टी बदलायचं बटण हवं आहे. गणपतीला अजून सहा आठवडे आहेत.