रडारवर आभाळ निरभ्र होतं

मंडळाच्या जेवणात आमच्या पानात वरण पडायच्या आत कोणीतरी विचारतंच, "काय हो, रविवारी पाऊस आहे का?" आमच्या घराला हवामान खातं म्हणायची पद्धतच पडली आहे. खरं सांगायचं तर आम्हा दोघांनाही हवामानातलं फारसं कळत नाही. आमच्यापैकी एक युनिव्हर्सिटीच्या हवामान विभागातले कॉम्प्युटर सांभाळतो आणि दुसरी त्याच कॅम्पसच्या नेटवर्क ऑफिसात आहे. विभागाने नेटवर्कला नावं ठेवायची आणि नेटवर्कने विभागाला, हे सगळ्या कॅम्पसवर चालतं. आमच्याकडे ते पोळ्या लाटताना चालतं, एवढाच फरक.

संपादकांच्या आग्रहावरून २००७ च्या मार्चमधली हकिगत लिहीत आहोत. त्या दिवशी तालमीला आलेल्या मंडळींना ती अर्धीच माहीत आहे.

आधी थोडं यंत्राविषयी. कोलोरॅडोतल्या बोल्डर गावी युनिडेटा नावाची संस्था आहे. तिने विद्यापीठांसाठी एलडीएम नावाची प्रणाली तयार केली आणि ती फुकट वाटली. हा एक प्रकारचा दुधाचा रतीब समजा. आपण डेअरीवर जाऊन विचारायचं नाही. माल तयार झाला की एक विद्यापीठ तो पुढच्याला देतं, ते त्याच्या पुढच्याला. विमानतळांवरच्या नोंदी, रडार, उपग्रहाची चित्रं, सगळं ३८८ नंबरच्या पोर्टातून येतं. घरात आलेला माल एका ठरावीक मापाच्या टाकीत पडतो. टाकी भरली की जुना माल जाऊन नवा येतो. त्या आधी तो उचलून, त्याची चित्रं करून पानावर लावायची, हे आपलं काम.

२००४ च्या उन्हाळ्यात हे बसवताना आमचे तीन आठवडे गेले. पहिले दोन तर नुसत्या नावापायी गेले. रतीब घालणारं विद्यापीठ गिऱ्हाइकाला नावाने ओळखत होतं. आपण दार वाजवलं की त्यांचं मशीन आपल्या नंबरावरून उलटं नाव शोधतं. आमच्या मशीनच्या नावावरून नंबर सापडत होता, पण नंबरावरून नाव सापडत नव्हतं. ती उलटी नोंद कोणी केलीच नव्हती. ती करण्यासाठी एक अर्ज होता, अर्जावर तीन सह्या होत्या, आणि तिसरी सही करणारे गृहस्थ सुटीवर. बायको नेटवर्कमध्ये असून ही अवस्था! तिसऱ्या आठवड्यात माल येऊ लागला, तर चित्रं होईनात. कोणता माल कुठे ठेवायचा ती यादी आम्ही एका ईमेलमधून उचलून चिकटवली होती. यादीत रकान्यांच्या मध्ये टॅब लागतो. ईमेलने टॅबच्या जागी साध्या मोकळ्या जागा केल्या होत्या. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं, मशीनला नाही. चार रात्री त्यात गेल्या.

एकदा लागलं मात्र आणि मग मजा आली. जगभरच्या विमानतळांच्या नोंदी येत असल्याने मुंबईची ओळही यायची. २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईचे फोन लागत नव्हते आणि आमचा फोन खाली ठेवता येत नव्हता. अंधेरीत कोणाची आई, कुर्ल्याला कोणाचा भाऊ. विमानतळाची ओळ वारा सांगते, किती अंतरापर्यंत दिसतं ते सांगते, पाऊस जोराचा की हलका तेही सांगते. पाणी कोणाच्या जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत आलं, ते तिच्यात नसतं. तरी लोक विचारत होते आणि आम्ही सांगत होतो. आमच्या शब्दावर मंडळींचा विश्वास बसला तो तेव्हापासून, आणि पुढच्या गोष्टीत तोच नडला.

२००७ चा पाडवा तोंडावर आला होता. शाळेच्या हॉलमध्ये मुलांच्या नाटकाची तालीम. टॉर्नेडोची शक्यता असल्याची सूचना दुपारपासून होती, पण इथे वसंतात ती नेहमीचीच. साडेसहाला तालीम संपली तेव्हा पश्चिमेला काळं दिसत होतं. एका वहिनींनी विचारलं, "भाऊजी, निघू का? की थांबू थोडं?" हॉलमधल्या कॉम्प्युटरवर आम्ही आपल्या विभागाचं पान उघडलं. रडारवर आमचा परगणा स्वच्छ. पानाच्या तळाशी वेळही बरोबर, ६:३२. आम्ही म्हणालो, "निघा, तासभर तरी काही नाही."

चार गाड्या निघाल्या. दहा मिनिटांत त्याच वहिनींचा फोन आला: गारा पडताहेत, समोरचं दिसत नाही, मुलं रडताहेत. तेवढ्यात भोंगा वाजला. तीन गाड्या परत आल्या. वहिनी एका पेट्रोल पंपाच्या आत शिरल्या. आम्ही उरलेले सगळे खिडक्या नसलेल्या आतल्या बोळात भिंतीला टेकून बसलो, मुलांच्या डोक्यावर नाटकातल्या गाद्या धरून. टॉर्नेडो आमच्या बाजूला उतरला नाही. एका गाडीची काच गेली, बाकी कोणाला काही झालं नाही. पण त्या चाळीस मिनिटांत आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नव्हतो.

रात्री विभागात गेलो. नेहमीप्रमाणे पहिला प्रश्न, "तुमच्या लोकांनी ३८८ बंद केलं का?" उत्तर, "नाही. आधी तुमचं लॉग वाच." लॉगमध्ये दुपारी चारपासून ओळीमागून ओळ एकच तक्रार होती: माल फार जुना, टाकून दिला. माल येत होता! आमचंच मशीन तो दारातून परत पाठवत होतं. एक तासापेक्षा शिळा माल घ्यायचा नाही, असा त्याचा नियम. मग मशीनचं ग्रिनिच घड्याळ पाहिलं. बरोबर एक तास पुढे.

झालं होतं ते असं. अमेरिकेने त्या वर्षापासून घड्याळ पुढे करायचा दिवस एप्रिलमधून मार्चमध्ये आणला. ११ मार्चला जवळजवळ सगळ्या देशाने घड्याळं पुढे केली, पण आमच्या मशीनमधली त्या नियमांची फाइल जुनीच होती. ग्रिनिचची वेळ बरोबर, फक्त स्थानिक वेळ तासाने मागे दिसत होती. विभागातल्या एका मदतनीस मुलाला ते खटकलं आणि त्याने भल्या हेतूने मूळ घड्याळच तासाने पुढे सारलं. त्यामुळे पानाच्या तळाची वेळ बरोबर दिसू लागली आणि आतली वेळ चुकली. तेव्हापासून ताजा मालही तासभर शिळा ठरला, आणि पानावर दुपारचं शेवटचं चित्र तसंच राहिलं. चित्राच्या कोपऱ्यात त्याची खरी वेळ बारीक अक्षरांत ग्रिनिचप्रमाणे होती. ती आम्ही वाचली नाही.

मग घड्याळ आपोआप दुरुस्त का झालं नाही? कारण वेळ आणणाऱ्या एनटीपीचं १२३ नंबरचं पोर्ट नेटवर्क ऑफिसने बाहेरच्या मशीनसाठी बंद केलं होतं. कॅम्पसचा स्वतःचा वेळेचा सर्व्हर होता. तो वापरा असं पत्रकही निघालं होतं. पत्रक विभागात कोणी वाचलं नाही, आणि वाचलं की नाही हे नेटवर्कने कोणाला विचारलं नाही. दोन्ही खाती त्या रात्री एकाच खोलीत होती, त्यामुळे निकाल लवकर लागला. सर्व्हरचं नाव बदललं आणि प्रोग्रॅम चालू केला, तर तो गुपचूप बंद पडला. हजार सेकंदांपेक्षा जास्त फरक दिसला की तो हातच लावत नाही. माणसाने बघावं म्हणतो. म्हणून एलडीएम थांबवून घड्याळ हाताने बरोबर केलं, नियमांची फाइल नवी घातली, मग एनटीपी आणि शेवटी एलडीएम सुरू केलं. पावणेदोनला पहिलं ताजं रडार आलं. वादळ तोवर पूर्वेला दूर गेलं होतं.

दुसऱ्याच आठवड्यात आम्ही पानात एक गोष्ट घातली. चित्र किती मिनिटांपूर्वीचं आहे ते वर मोठ्या आकड्यात येऊ लागलं, आणि १५ मिनिटांपेक्षा जुनं असेल तर चित्राच्या जागी लाल चौकोन. पाऊस असताना रडार ४ ते ६ मिनिटांत एक फेरी पुरी करतं, तेव्हा १५ मिनिटं पुष्कळ झाली. आपल्यापैकी जे कुठलंही रडार फोनवर पाहतात त्यांनी कोपऱ्यातली वेळ जरूर पाहावी. ती ग्रिनिचची असेल तर आपल्याकडे उन्हाळ्यात तीतून ५ तास वजा करावेत, हिवाळ्यात ६; भारताची हवी असेल तर साडेपाच मिळवावेत.

वहिनींकडे आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो. त्यांनी चहा केला, पोहे केले, त्या विषयाचं नावही काढलं नाही. निघताना मात्र त्यांच्या धाकट्याने विचारलं, "काका, आज पाऊस आहे का?" आम्ही दोघांनी आधी खिडकीबाहेर पाहिलं.